माती अहवाल घेवड्यासाठी वाचताना

हरभऱ्याला पेरणीबरोबर एकरी दहा किलो नत्र दिलं की शेतकरी मोकळा होतो. पुढचं नत्र मुळांवरच्या गाठी हवेतून घेतात. तूर, मूग, उडीद, मटकी यांचंही तेच. त्यामुळे ‘कडधान्याला नत्र कशाला’ हे वाक्य आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की राजमा पेरतानाही तोच हिशेब धरला जातो. राजमा म्हणजे आपल्या सातारा भागातला घेवडा. दिसायला, शेंगेला, बाजारात तो कडधान्यच. पण नत्राच्या बाबतीत त्याची भूक ज्वारी-गव्हाच्या जवळची आहे. उत्तर भारतातल्या रब्बी राजम्याला हेक्टरी ९० ते १२० किलो नत्राची शिफारस केली जाते. हरभऱ्याच्या हेक्टरी २५ किलोशेजारी हा आकडा ठेवला की फरक कळतो.

हा फरक का पडतो? प्रत्येक कडधान्याच्या गाठी ठरावीक जिवाणूच बनवतात. हरभऱ्याचा रायझोबियम घेवड्याच्या उपयोगाचा नाही. घेवडा मूळचा मध्य अमेरिकेतला आणि अँडीज पर्वताच्या परिसरातला. त्याच्याशी जुळणारे जिवाणू आपल्या रानात मुळातच थोडे, आणि जे आहेत ते फारसे कामसू नाहीत. घेवड्यासाठी म्हणून तयार केलेलं वेगळं जिवाणू संवर्धन मिळालं तर जरूर वापरावं. मात्र पाकिटावर पिकाचं नाव वाचूनच घ्यावं. नुसतं ‘कडधान्यांसाठी’ लिहिलेलं पाकीट या पिकात खर्च वाढवतं, इतकंच.

आपल्या रानात गाठी काम करतात की नाही, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. पीक फुलोऱ्यावर येताना चार-पाच ठिकाणची झाडं कुदळीने मातीच्या ढेकळासकट उकरावीत. उपटू नयेत, कारण उपटताना गाठी मातीतच तुटून राहतात. ढेकूळ बादलीतल्या पाण्यात भिजवून मुळं हलकेच धुवावीत. गाठ दिसली तर ती नखाने किंवा ब्लेडने मधोमध चिरावी. आतून गुलाबी-तांबडी असेल तर ती नत्र बांधते आहे. पांढरी, हिरवट किंवा करडी असेल तर ती नुसती बसून खाते आहे. कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागात, वाठार, देऊर, पिंपोडे या पट्ट्यात, पावसाळी घेवडा घेतला जातो. त्या भागातल्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फिकट दाण्यावरच्या लालसर पट्ट्यांमुळे तो ‘वाघ्या’. त्याच्याबरोबर ‘वरुण’सारखी सुधारित जातही घेतात. जात कुठलीही असो, मुळं धुऊन बघितल्याशिवाय गाठींच्या भरवशावर नत्र कापू नये.

नत्र नेमकं लागतं किती, याचा एक साधा अंदाज बांधता येतो. सुक्या घेवड्याच्या दाण्यात सुमारे २२ टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकं नत्र. म्हणजे दहा क्विंटल दाणा शेताबाहेर गेला की त्याच्याबरोबर ३५ किलोच्या आसपास नत्र गेलं. पाला, खोड, मुळं यांचं वेगळं. शिवाय टाकलेलं सगळं नत्र पिकाला मिळत नाही. काही हवेत उडतं, काही पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतं. हे सगळं कुठूनतरी भरून यायला हवं: जमिनीतून, शेणखतातून किंवा पोत्यातून. जमीन किती देईल हे माती परीक्षण सांगतं, आणि तिथूनच खरी गोष्ट सुरू होते.

सुरू होते ती मातीचा नमुना काढण्यापासून. एक एकर जमिनीचा वरचा वीतभर थर म्हणजे ढोबळमानाने नऊ लाख किलो माती. तिच्यातून आपण अर्धा किलो प्रयोगशाळेत पाठवतो, आणि स्फुरद मोजायला तिथला माणूस त्यातली फक्त अडीच ग्रॅम घेतो. अहवालातल्या बहुतेक घोळांचं मूळ यंत्रात नसतं, त्या अर्ध्या किलोत असतं.

रब्बीचं पीक निघालं की मार्च-एप्रिलमध्ये नमुना काढावा, म्हणजे मृगाच्या आधी अहवाल हातात येतो. आधी शेत डोळ्यांनी वाटून घ्यावं. उताराची मुरमाड पट्टी वेगळी, खालच्या अंगाची काळी वेगळी, मागच्या वर्षी ऊस होता तो तुकडा वेगळा. प्रत्येकाचा नमुना स्वतंत्र. मग त्या तुकड्यात नागमोडी चालत दहा-पंधरा जागा धरायच्या. वरचा पालापाचोळा बाजूला सारायचा, माती नाही. ‘व्ही’ आकाराचा वीतभर खोल, म्हणजे २० ते २२ सेंटीमीटरचा खड्डा करायचा, आतली माती बाहेर काढून टाकायची आणि खड्ड्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची चकती तासून घ्यायची. नुसती वरची माती खरवडली तर स्फुरद फुगून दिसतो, कारण तो टाकला तिथेच बसून राहणारा.

बांधाकडेची, झाडाखालची, विहिरीजवळची, दांडातली, जनावरं बसायची जागा आणि जिथे शेणखताचा ढीग होता ती जागा सोडायची. उकिरड्याची एक खोरंभर माती सगळ्या नमुन्याचं वाटोळं करते. नुकतंच रासायनिक खत टाकलेल्या रानातही नमुना घेऊ नये. अडीच-तीन महिने जाऊ द्यावेत. जस्त, लोह तपासायचं असेल तर गंजकं खुरपं आणि जस्ताचा मुलामा चढवलेली बादली दोन्ही दूर ठेवावीत. लाकडी खुंटी आणि प्लास्टिकचं घमेलं उत्तम.

जमा झालेली माती स्वच्छ गोणपाटावर पसरून ढेकळं फोडायची, खडे आणि मुळं वेचायची. मग गोल पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले दोन मिसळून पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवायची, उन्हात नाही. कापडी पिशवीत भरून आत आणि बाहेर चिठ्ठी: नाव, गट क्रमांक, जिरायत की बागायत, मागचं पीक, पुढे काय घेणार. युरियाच्या रिकाम्या पिशवीत भरून आणलेले नमुने प्रयोगशाळेत आजही येतात. त्यांच्या अहवालातल्या नत्राचं काय होत असेल, हे सांगायला नको.

इथे मृद आरोग्य पत्रिकेबद्दल थोडं. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगड इथे ही योजना सुरू झाली आणि तिच्यामुळे सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं अशा बारा घटकांची नोंद गावोगाव पोहोचली. काम मोठं आहे. पण पत्रिकेसाठीचे नमुने चौकटी आखून घेतले गेले: बागायतात अडीच हेक्टरला एक, जिरायतात दहा हेक्टरला एक. आपल्याकडे दहा हेक्टरांत पंधरा-वीस खातेदार सहज असतात. तुमच्या पत्रिकेतली माती शेजारच्याच्या बांधापलीकडचीही असू शकते. गावाचा अंदाज म्हणून ती ठीक. घेवड्यासारख्या नाजूक पिकाचं खत ठरवायला मात्र स्वतःचा नमुना काढावा.

प्रयोगशाळेत काय होतं हे एकदा डोळ्यांखालून गेलं की आकड्यांवर किती विसंबायचं ते कळतं. सेंद्रिय कर्बासाठी चाळलेली एक ग्रॅम माती काचेच्या शंकुपात्रात घेतात. तिच्यावर नारिंगी रंगाचं पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल ओततात. पात्र हाताला चटका बसण्याइतकं तापतं. त्या उष्णतेत मातीतला कर्ब जळतो आणि जळताना डायक्रोमेट खर्च करतो. अर्ध्या तासाने ते थंड झालं की न खर्चलेलं डायक्रोमेट दुसऱ्या द्रावणाने थेंबाथेंबाने मोजतात. जांभळट निळा रंग एका थेंबात लख्ख हिरवा होतो, तिथे थांबायचं. तो एक थेंब जास्त पडला तर कर्ब कमी दिसणार. वॉकली आणि ब्लॅक यांची ही रीत १९३४ सालची आहे आणि आपल्या बऱ्याच प्रयोगशाळांत अजून तीच चालते.

स्फुरदासाठी आपल्या विम्ल जमिनींत ऑल्सेनची रीत. अडीच ग्रॅम माती ८.५ सामूच्या सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अर्धा तास हलवायची, गाळायची, आणि गाळलेल्या पाण्यात रंग आणणारी रसायनं घालायची. स्फुरद असेल तितका निळा रंग चढतो. गरीब जमिनीची नळी आभाळासारखी फिकट, खतं खाल्लेल्या ऊसपट्ट्यातली गडद निळी. कोकणातल्या जांभ्या, आम्लधर्मी मातीला ही रीत जुळत नाही. तिथे ब्रेची रीत वापरतात. पालाश फ्लेम फोटोमीटरच्या ज्योतीत मोजतात. जस्त, लोह, मंगल, तांबं डीटीपीए नावाच्या द्रावणात उतरवून मोजतात.

या सगळ्यांत सर्वांत हलका आकडा नत्राचा. क्षारयुक्त परमँगनेटबरोबर माती उकळून जो अमोनिया बाहेर पडतो तो मोजतात. म्हणजे आज जमिनीत तयार असलेलं नत्र नव्हे. पुढे सुटू शकेल असं नत्र. किती सुटेल ते पाऊस, वाफसा आणि ऊब ठरवणार. काही ठिकाणी तर नत्र मोजतच नाहीत, सेंद्रिय कर्बावरून काढतात. म्हणून १८८ आणि २०५ यांतल्या फरकावर डोकं खर्च करू नये. दोन्ही ‘कमी’.

आता एक अहवाल समोर धरू. आकडे उदाहरणाचे आहेत, पण दख्खनच्या मध्यम काळ्या जमिनीत अगदी नेहमी दिसणारे. सामू ८.१. क्षारता ०.४२ डेसीसायमन प्रति मीटर. सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के. मुक्त चुना ७ टक्के. उपलब्ध नत्र हेक्टरी १८८ किलो, स्फुरद ११, पालाश ४३०. जस्त ०.४८ पीपीएम, लोह ३.९, गंधक १४.

बहुतेक जण आधी नत्र, स्फुरद, पालाश बघतात. घेवड्यासाठी वाचताना पहिली नजर क्षारतेवर टाकावी. अहवालात ०.४२ च्या पुढे ‘सामान्य’ असा शेरा असतो, कारण एकपर्यंतची क्षारता सर्वसाधारण पिकांना चालते. ज्वारीला, कापसाला, गव्हाला हे खरं. घेवडा मात्र शेतपिकांत क्षारांना सर्वांत हळव्या पिकांपैकी एक आहे. संपृक्त मातीच्या अर्कात क्षारता १ डेसीसायमनच्या वर गेली की त्याचं उत्पादन घटू लागतं. त्यापुढच्या प्रत्येक एककाला सुमारे १९ टक्के. ३.६ ला पीक निम्म्यावर.

यात एक मेख आहे. आपल्या प्रयोगशाळा क्षारता मोजतात ती एक भाग माती आणि अडीच भाग पाणी कालवून. त्यात क्षार पातळ होतात. संपृक्त अर्कातला आकडा चिकणमातीत त्याच्या दुप्पट-तिप्पट निघतो. म्हणजे आपल्या ०.४२ चा खरा अर्थ एकच्या आसपास किंवा थोडा वरच. ‘सामान्य’ शेरा असलेली जमीन घेवड्याच्या उंबरठ्यावर उभी आहे. अहवाल खोटा नाही, तो या पिकासाठी लिहिलेला नाही. ०.४२ ला पेरायला हरकत नाही, पण खत बियाला लागून पडता कामा नये, आणि विहिरीचं पाणी खारट असेल तर तेही तपासून घ्यावं. पाण्याची क्षारता ०.७ च्या वर गेली की घेवड्यावर परिणाम होऊ लागतो. अहवालातला मातीचा आकडा ०.७-०.८ असलेल्या रानात मी तरी घेवड्याचा नाद सोडायला सांगेन. कृष्णाकाठी शिरोळ, मिरज, वाळवा भागात ऊस आणि अतिपाण्याने खारवट झालेल्या जमिनी आहेत. तिथे आंतरपीक म्हणून घेवडा घालण्याचा मोह होतो आणि दोन पानांवरच रोपं करपतात. सामू साडेआठच्या वर आणि जमीन चोपण असेल तर आधी जिप्सम आणि निचरा, पीक नंतर.

दुसरी नजर सामू आणि चुन्यावर. घेवड्याला साडेपाच-सहा ते साडेसात सामू मानवतो. आपल्या ८.१ ला तो येतो, पण जस्त आणि लोह अशा जमिनीत असूनही मिळत नाहीत, आणि स्फुरद चुन्याशी गाठ मारून बसतो. सामू खाली आणायला गंधक टाकण्याचा सल्ला कधीकधी मिळतो. ७ टक्के मुक्त चुना म्हणजे एकरी साठ हजार किलोच्या वर चुनखडी. तिच्यापुढे पोतं-दोन पोती गंधक काही करू शकत नाही. पैसे शेणखताला लावावेत.

आता नत्र, स्फुरद, पालाश. महाराष्ट्रात अहवालाचे सहा वर्ग करतात: अत्यंत कमी, कमी, मध्यम, थोडे जास्त, जास्त, अत्यंत जास्त. नत्र हेक्टरी १४० ते २८० किलो म्हणजे कमी. स्फुरद ७ ते १४ कमी. पालाश ३०० च्या वर अत्यंत जास्त. रूढ पद्धत अशी की ‘कमी’ असेल तर शिफारस पाव हिश्शाने वाढवायची, ‘अत्यंत कमी’ला दीडपट; ‘जास्त’ला पाव हिश्शाने कमी आणि ‘अत्यंत जास्त’ला निम्मी. एक गोष्ट मात्र तपासावी. अहवालातला स्फुरद मूलद्रव्यात आहे की खताच्या पोत्यावर असतो त्या ऑक्साइडच्या रूपात? ११ किलो मूलद्रव्य म्हणजे ऑक्साइड रूपात २५ किलो. वर्गवारीचा तक्ता एकाचा आणि आकडा दुसऱ्याचा, असं झालं तर गरीब जमीन कागदावर श्रीमंत होते.

बागायती घेवड्याला हेक्टरी ९० किलो नत्र आणि ६० किलो स्फुरद धरू. एकरी ३६ आणि २४. तुमच्या भागाची, तुमच्या जातीची शिफारस कृषी विज्ञान केंद्राकडून घ्यावी. रीत तीच राहते. दोन्ही अन्नद्रव्यं ‘कमी’ वर्गात, म्हणून पाव हिस्सा वाढ: नत्र ४५ किलो, स्फुरद ३० किलो. पालाश अत्यंत जास्त आहे, शिवाय आपल्या बेसाल्टच्या मातीत तो मुबलकच असतो. या तुकड्याला मी पालाश देणारच नाही.

इथेच दुकानाच्या फळीवर घोटाळा होतो. सवयीने ‘दहा-सव्वीस-सव्वीस’ उचललं जातं. स्फुरदाचे ३० किलो पुरे करायला त्याची ११५ किलो लागतील, आणि त्यातून तीस किलो पालाश अशा जमिनीत जाईल जिला त्याची गरजच नाही. पैसे गेले ते गेलेच, वर क्षारांचा भार वाढला. ‘अठरा-सेहेचाळीस’, म्हणजे डीएपी, त्यापेक्षा बरं: ६५ किलोत ३० किलो स्फुरद आणि जवळजवळ १२ किलो नत्र. उरलेल्या ३३ किलो नत्रासाठी ७२ किलो युरिया.

पण चुनखडीच्या रानात माझा कौल सिंगल सुपर फॉस्फेटला. त्यात १६ टक्के स्फुरद आणि ११ टक्के गंधक. ३० किलो स्फुरदासाठी १८७ किलो, म्हणजे पन्नास किलोची पावणेचार पोती. वाहायला जड, हे खरं. पण त्याबरोबर वीस किलो गंधक फुकटात येतो, आणि दाण्यातली प्रथिनं बनवायला गंधक लागतोच. मग सगळं नत्र युरियातून: ४५ किलो नत्रासाठी ९८ किलो, म्हणजे पंचेचाळीस किलोची दोन पोती आणि वर थोडा. दोन टन चांगलं कुजलेलं शेणखत पडलं असेल तर पहिल्या हंगामात त्यातून जेमतेम तीन किलो नत्र मिळतं. सहा-सात किलो युरिया कमी करता येतो. दोन पोत्यांवर हिशेब बसला. शेणखताचं मोल नत्रात मोजू नये. ते वाफसा टिकवतं आणि जस्त-लोह मुळांच्या आवाक्यात ठेवतं. ताजं कोंबडीखत मात्र घेवड्याच्या तोंडावर टाकू नये, त्यात क्षार भरपूर.

हा हिशेब पाण्याची सोय असलेल्या रब्बी घेवड्याचा. पावसावरच्या खरिपी घेवड्याला एवढं नत्र झेपत नाही. पाऊस लांबला तर नत्र तसंच पडून राहतं, झोडपून आला तर वाहून जातं. तिथे पेरणीबरोबर अर्ध्यापेक्षा कमीच द्यावं आणि पुढचं आभाळ बघून.

खत कुठे पडतं, हे किती पडतं इतकंच महत्त्वाचं आहे. घेवड्याचा अंकुर जाड, वाकलेल्या मानेने डाळी वर उचलत जमीन फोडतो. त्या मानेला युरियाचा किंवा डीएपीचा दाणा टेकला की ती तांबूस होऊन कुजते. उगवण विरळ झाली की दोष बियाण्याला जातो. दोन चाड्यांची पाभर त्यासाठीच आहे: खत बियाच्या खाली आणि बाजूला दोन-दोन बोटं पडलं पाहिजे. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राला खताचा फण वेगळा असतो. पहिल्या तासाला थांबून माती उकरून बघावं की खत आणि बी खरंच वेगळ्या जागी पडतंय का. नळ्या सरकलेल्या असतात.

सगळं सुपर फॉस्फेट पेरणीलाच, मुळांच्या वाटेवर. स्फुरद पुढे वरून फेकला तर वरच्या दोन बोटांतच अडकतो. युरियाचं एक पोतं पेरणीला, दुसरं पंचविसाव्या दिवसाच्या आसपास, कळ्या दिसायच्या आत. जमिनीत वाफसा असतानाच द्यायचं आणि लगेच कोळपं मारून झाकायचं. सामू ८.१ च्या ओल्या जमिनीवर उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन हवेत जातो. उशिरा, फुलं आल्यावर युरिया टाकला तर पीक हिरवंगार राहतं आणि शेतकरी खूश होतो. पण शेंगा एकदम पिवळ्या होत नाहीत, अर्ध्या वाळलेल्या, अर्ध्या कोवळ्या. तेवढ्यात पावसाने गाठलं की पट्ट्यांचा दाणा डागाळतो आणि व्यापारी भाव पाडतो. सुक्या दाण्यासाठी घेतलेल्या पिकात जास्तीचं नत्र हे काढणी बिघडवणारं खत आहे.

अहवालात अजून जस्त आणि लोह राहिलं. जस्त ०.६ पीपीएमच्या खाली म्हणजे कमतरता, आपलं ०.४८. पीपीएमला २.२४ ने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात. म्हणजे एक हेक्टरात उपलब्ध जस्त सारं मिळून एक किलोच्या आसपास. मका आणि घेवडा ही जस्ताच्या टंचाईला लवकर बळी पडणारी पिकं. कोवळ्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळट पडतो, पानं लहान राहतात, फुलं-शेंगा गळतात आणि पीक पक्व व्हायला उशीर लावतं. आपण स्फुरद वाढवतो आहोत, आणि भरपूर स्फुरद जस्ताची टंचाई आणखी तीव्र करतो. म्हणून या अहवालात झिंक सल्फेट हा ऐच्छिक खर्च नाही. एकरी आठ ते दहा किलो, पेरणीआधी शेणखतात मिसळून. सुपर फॉस्फेटमध्ये किंवा डीएपीमध्ये कालवून टाकू नये. दोघं एकमेकांना अडकवतात. जमिनीतून द्यायचं राहिलं तर दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना, वस्त्रगाळ करून, फुलोऱ्याआधी दोन फवारण्या.

लोहाची मर्यादा ४.५ पीपीएम, आपलं ३.९. पण लोहाचं वागणं वेगळं. पावसाची झड लागून रान चिबडलं की कोवळी पानं पिवळी-पांढुरकी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या. ते बघून लगेच पंप पाठीला लावायची घाई नको. चुनखडीच्या ओल्या जमिनीत हे होतंच. निचरा करून वाफसा आला की आठवडाभरात नवी पानं बऱ्याचदा आपसूक हिरवी येतात. नाहीच आली तर अर्धा टक्का फेरस सल्फेट, थोडं सायट्रिक आम्ल घालून, संध्याकाळी फवारावं. जमिनीत टाकलेलं फेरस सल्फेट अशा सामूला दोन दिवसांत निकामी होतं. दुकानदार चिलेटेड लोह देईल. जमिनीतून द्यायचं तर पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं बघावं, ईडीटीए प्रकार चुन्यात टिकत नाही.

बोरॉनबद्दल सावध राहावं. फुलगळ दिसली की बोरॅक्स सुचवलं जातं. घेवड्याला टंचाई आणि विषबाधा यांच्यातलं अंतर फार थोडं आहे. अहवालात ०.५ पीपीएमच्या खाली आकडा असल्याशिवाय बोरॉनला हात लावू नये, आणि बियाजवळ तर कधीच नाही.

पेरणीच्या आधी एक काम करून ठेवावं. शेताच्या एका कडेला चार तासांची पट्टी दुसऱ्या हप्त्याच्या युरियाशिवाय ठेवायची आणि खुंटी ठोकायची. काढणीला त्या पट्टीचा आणि शेजारच्या चार तासांचा दाणा वेगळा झोडून वजन करायचं. शिफारसीतलं नत्र तुमच्या रानाला जास्त होतं की कमी, हे त्या दोन आकड्यांत दिसेल, आणि पुढच्या वर्षी दुसरा हप्ता त्यांच्यावरून ठरवता येईल. झिंक सल्फेटचा परिणाम पुढचे दोन-तीन हंगाम चालतो आणि स्फुरदाचा बराचसा भाग मागेच राहतो. घेवड्यामागे रब्बी ज्वारी घेणाऱ्याने ज्वारीच्या खतातून तेवढं वजा करावं. नवा नमुना तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच तुकड्यातून.